चांदबीबी महालाची सहल ठरवताय? मग आधी सांगा, गाडीत कोण बसणार?

ईदचा दुसरा दिवस असो की दिवाळीची सुट्टी, कर्जतच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो : 'चलते क्या चांदबीबी महल?' (कर्जत म्हणजे रायगडचं नव्हे, आपलं नगर जिल्ह्यातलं.) अर्ध्या तासात पाच-सहा मोटारसायकली ठरतात, पेट्रोलचे पैसे जमा होतात. संध्याकाळी सगळ्यांच्या स्टेटसवर फोटो येतात. मागे खाली पसरलेलं अख्खं नगर शहर, पुढे गॉगल लावलेले आपले भाऊ. मी कर्जतचा, नोकरीसाठी पुण्यात असतो, त्यामुळे हे फोटो मला दर सणाला मोबाईलवरच दिसतात. फोटोतली पोरं बदलतात, पण एक गोष्ट बदलत नाही. त्यात बहीण नसते, अम्मी नसते, शेजारची खाला नसते.

आपल्या जिल्ह्यात उंचावरून शहर बघण्याची जी जागा सगळ्यांना ठाऊक आहे, ती एका बाईच्या नावाने ओळखली जाते. आता तुमच्या घरातल्या किती जणींनी ती पाहिली आहे, ते मोजा. आकडा शून्य निघाला तर पुढची सहल वेगळ्या पद्धतीने ठरवायला हवी. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे.

महाल नाही, आणि चांदबीबीचाही नाही

आधी इमारतीची ओळख करून घेऊ. नगर-पाथर्डी रस्त्याने भिंगार ओलांडून पुढे गेलं की शहरापासून साधारण 13 किलोमीटरवर शाह डोंगर लागतो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची 3,000 फुटांहून अधिक आहे. त्याच्या माथ्यावर अष्टकोनी, तीन मजली, सुमारे 70 फूट उंचीची दगडी इमारत उभी आहे. चहूबाजूंनी कमानी आणि भिंतीच्या पोटातून वर जाणारा जिना. खालच्या तळघरात कबरी आहेत. म्हणजे हा महाल नाही, मकबरा आहे.

तो आहे सलाबतखान दुसरा याचा. मुर्तझा निजामशाह पहिला याच्या काळात हा निजामशाहीचा वजीर होता. सुलतानाचं मन राज्यकारभारात नव्हतं, त्यामुळे बरीच वर्षं राज्य याच वजिराने चालवलं. नगरच्या फराहबख्श बागेच्या बांधकामाशीही त्याचं नाव जोडलं जातं. त्याचा मृत्यू 1589 च्या सुमाराचा. चांदबीबीने नगरचा किल्ला लढवला तो 1595-96 मध्ये, आणि ती मारली गेली 1600 मध्ये. त्यामुळे तारखा नुसत्या शेजारी मांडल्या तरी कळतं की या इमारतीचा तिच्याशी थेट संबंध नाही. पण लोकांच्या तोंडी नाव बसलं ते तिचंच. मोबाईलवरच्या नकाशातही तेच नाव टाकून आपण रस्ता शोधतो.

काही जण हे कळल्यावर लगेच दुरुस्ती मोहीम काढतात. मला त्यात फार रस नाही. नाव चुकलं आहे हे माहीत असावं, मुलांना सांगावं. पण लोकांनी पिढ्यानपिढ्या हे नाव का धरून ठेवलं, याचाही विचार करावा. वजिराला लोक विसरले. जी बाई शहरासाठी तटावर उभी राहिली, तिला ते विसरले नाहीत. गावातली सगळ्यांत उंच इमारत तिचीच असणार, असं त्यांनी मनोमन ठरवून टाकलं.

आणि ती होतीच तशी. हुसेन निजामशाहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशाहाची बेगम. नवरा 1580 मध्ये गेला, त्यानंतर लहान वयाच्या इब्राहिम आदिलशाहाच्या वतीने तिने विजापूरचा कारभार पाहिला. पुढे माहेरी, नगरला परत आली. शहजादा मुराद मोगल फौज घेऊन नगरवर आला तेव्हा दरबारात एकमेकांचे गळे धरणारे सरदार होते. किल्ला सांभाळला चांदबीबीने. सुरुंगाच्या स्फोटाने तटाला मोठं भगदाड पडलं, तेव्हा ती चेहऱ्यावर नकाब आणि हातात तलवार घेऊन तिथे उभी राहिली, आणि रातोरात तट पुन्हा बांधून काढला, असं तवारिखांत येतं. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला. चार वर्षांनी मोगल परत आले तेव्हा ती वाटाघाटीच्या विचारात होती. 'ती फितूर झाली' अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं.

तिच्या आईची, म्हणजे खुंजा हुमायूनची गोष्टही कमी बोलकी नाही. हुसेन निजामशाहानंतर मुलगा लहान म्हणून काही वर्षं तिने राज्य चालवलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाचं फारसी हस्तलिखित आहे. त्यातल्या चित्रांत सुलतानाच्या शेजारी ही बेगम रंगवलेली होती. तिला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकल्यावर त्यातल्या बहुतेक चित्रांतली तिची आकृती रंग फासून झाकून टाकली गेली. आईला चित्रातून पुसलं, आणि मुलीचं नाव दुसऱ्याच्याच थडग्यावर लागलं. आपल्या आजच्या सहलीच्या फोटोंत बायका नसतात, त्याला मी याच रांगेत ठेवतो. कुणी मुद्दाम पुसत नाही, एवढाच फरक. आपण त्यांना फोटोत येऊच देत नाही.

प्लॅन कोणासाठी बनतो?

सॉफ्टवेअर बनवताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो : हे वापरणार कोण? हा प्रश्न विचारला नाही तर बनवणारा आपल्यासारख्याच माणसासाठी वस्तू बनवतो. अक्षर बारीक ठेवतो, कारण त्याचे डोळे चांगले आहेत. सगळं इंग्रजीत ठेवतो, कारण त्याला ते येतं. यात वाईट हेतू नसतो. समोर दुसरं कुणी नसतंच.

आपल्या सहलीचंही तसंच होतं. ती बावीस वर्षांच्या, मोटारसायकल असलेल्या, गुडघे शाबूत असलेल्या पोरासाठी आखलेली असते. मोटारसायकल ठरली की अम्मी बाद झाली. 'रात्री उशिरा परत येऊ' ठरलं की बहीण बाद झाली. स्वच्छतागृहाचा विचार केला नाही की सगळ्याच बाद झाल्या. मग आपण म्हणतो, 'हमने तो पूछा था, वो लोग आतेच नहीं.' ज्या सहलीत त्यांना जागाच ठेवली नव्हती, तिला त्या येणार कशा?

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करा. घरातली जिला जायला सगळ्यांत अवघड आहे, तिला धरून सहल आखा. गुडघे दुखणारी दादी, किंवा सहा महिन्यांचं बाळ असलेली भाभी. तिला जमेल अशी सहल सगळ्यांना जमते. धडधाकट पोराला तर कशीही जमतेच.

आता प्रत्यक्ष.

दिवस. मार्च ते जून नको. आपल्याकडचं ऊन तुम्हाला मी सांगायला नको, आणि डोंगराचा दगड दुपारी तव्यासारखा तापतो. ऐन पावसात धुकं आणि निसरडं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. हवा स्वच्छ असते, लांबपर्यंत दिसतं. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तिथे गर्दी आणि टवाळकी दोन्ही वाढतात. सकाळी जा. फज्रनंतर कर्जतहून निघालं तर ऊन चढायच्या आत वर पोचता येतं.

वाहन. कर्जतहून मिरजगावमार्गे नगर साधारण 75 किलोमीटर. दोन-तीन घरांनी मिळून जीप ठरवली तर पोरांच्या पेट्रोलच्या हिशोबापेक्षा फार जास्त पडत नाही. पैशांची अडचण असेल तर एसटी आहे. मार्च 2023 पासून राज्यात एसटीच्या सगळ्या बसमध्ये महिलांना तिकीट अर्धं आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि 75 च्या वरच्यांना मोफत. वयाच्या सवलतीसाठी आधारकार्ड जवळ ठेवा. नगरला उतरून पुढे पाथर्डी रस्त्याची बस किंवा रिक्षा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, पण चढ मोठा आहे. वयस्कर बायका असतील तर नगरमधूनच वर जाणारं वाहन करा. मोहल्ल्यातल्या बायका भांड्यांची भिशी चालवतात, सोन्याची चालवतात. सहा महिन्यांची सहलीची भिशी चालवायला काय हरकत आहे?

स्वच्छतागृह. हा मुद्दा पोरांच्या यादीत कधीच नसतो आणि बायकांच्या यादीत पहिला असतो. वर काही मिळेल असं गृहीत धरू नका. वाटेत मिरजगावला किंवा नगर शहरात ठरवून थांबा. 'कुणाला जायचंय का?' असं चारचौघांत विचारू नका. अर्धा तास थांबायचंच, असं आधीच जाहीर करा. बायका दिवसभर पाणी न पिता प्रवास करतात, त्याचं कारण हेच.

पाणी आणि डबा. पाणी भरपूर घ्या. भाकरी, ठेचा, कबाब जे करायचं ते करा, पण ते पहाटे चारला उठून एकट्या अम्मीने करायचं असेल तर ती तिची सहल नव्हे, तिची ड्युटी आहे. डबा वाटून घ्या. पोरांनीही एकेक पदार्थ करावा. नाही जमलं तर नगरमध्ये नाश्ता करा.

जिना. अशा इमारतींचे जिने भिंतीच्या आतून जातात. अरुंद असतात, अंधारे असतात, पायऱ्या उंच असतात. दिल्लीच्या कुतुबमिनारात 4 डिसेंबर 1981 रोजी आतली वीज गेली, जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि 45 जण मेले. त्यात सहलीला आलेले शाळकरी विद्यार्थी बरेच होते. तेव्हापासून तो जिना लोकांसाठी बंद आहे. म्हणून वरचा जिना बंद ठेवलेला असेल तर कुलपाशी झटापट नको आणि 'हम लोकल हैं' हेही नको. उघडा असेल तर एका वेळी थोडेच जा, उतरणाऱ्यांना आधी वाट द्या, मुलांचा हात सोडू नका. ज्यांना चढवत नाही त्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. इमारतच डोंगराच्या माथ्यावर आहे, तिच्या भोवतालच्या मोकळ्या जागेतूनही शहर दिसतंच.

'आजकल माहौल ठीक नहीं'

आता नेहमीच्या हरकती. पहिली : 'लड़कियों के लिए सेफ नहीं.' ही हरकत खोटी नाही. पण जी जागा बायकांसाठी सुरक्षित नाही, ती बायका न गेल्याने सुरक्षित होत नाही. ती आणखी ओसाड होते, टवाळांना आणखी मोकळी मिळते. दहा-बारा बायका, मुलं, दोन-चार पुरुष असा गट सकाळच्या उन्हात डबा उघडून बसला की ती जागा त्या दिवशी तरी कुटुंबांची होते. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गावचा असा गट आला तर कायमचीच होईल.

दुसरी : 'कबर आहे, बायकांनी जाऊ नये.' कबरींना भेट देण्याबाबत उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, त्या चर्चेत मी पडत नाही. ज्यांना ती अडचण वाटते त्यांनी तळघरात उतरू नये. हा दर्गा नाही, इथे मन्नत नाही, चादर नाही. वरून शहर बघायला कोणाला कुणाची परवानगी लागू नये.

तिसरी हरकत आजकाल सगळ्यांत जास्त ऐकू येते : 'माहौल ठीक नहीं. अपने लोगों ने ऐसी जगह पे जाना, फोटो डालना, कायको लफड़ा?' ही भीती मला समजते. एखाद्या स्टेटसवरून गाव बंद पडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. पण भीतीपोटी घरी बसणं आणि छाती फुगवून 'अपना राज था' म्हणत रील टाकणं, या दोन्ही टोकांना आपण त्या इमारतीपासून लांबच राहतो.

राज्य आपलं नव्हतं. आपण बहुतेक बागवान, तांबोळी, आतार, पिंजारी, शिकलगार, मोमीन यांची लेकरं. आपले पूर्वज त्या सिंहासनावर नव्हते. झालंच तर कुणी त्या डोंगरावर दगड वाहिले असतील, तेही शेजारच्या वाडीवरल्या पाथरवटाच्या जोडीने. आणि इतिहास इतका सरळ वाटून घेता येत नाही. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद, त्याचा बाप मूळचा पाथरीकडच्या ब्राह्मण घराण्यातला. मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार, आणि त्यांनी आपल्या मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली ती नगरच्या शाह शरीफ यांच्यावरून, असं परंपरा सांगते. वरून दिसणाऱ्या शहरातल्या कुठल्या रेघेवर 'त्यांचं' आणि 'आपलं' असं लिहाल?

आज ही इमारत कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. म्हणजे कर्जतच्या मुस्लिम मुलीचा तिच्यावर जेवढा हक्क, तेवढाच राशीनच्या मराठा मुलीचा आणि तेवढाच चेन्नईहून आलेल्या पाहुण्याचा. हक्क मागायचा तर असा मागावा, नागरिक म्हणून. जबाबदारीही त्याच नात्याने येते. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर 1958 च्या कायद्यानुसार, 2010 च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भिंतीवर बदाम कोरून आपलं नाव लिहिणारा 'प्रेमी' सगळ्या जातिधर्मांचा असतो, पण आपल्या गटातला तरी नसावा. कचरा खाली आणा. जवळच भिंगारची लष्करी छावणी आहे, तेव्हा विनापरवाना ड्रोन उडवायचा विचारही नको.

वरून काय दाखवाल?

वर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं फोटोंची, ठीक आहे. नंतर मोबाईल खिशात ठेवा आणि मुलींना शहर दाखवा. तिकडे भुईकोट किल्ला. तिथेच चांदबीबीने तट राखला. तिथेच ऑगस्ट 1942 पासून काँग्रेसचे नेते कैदेत होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे लिहिलं आणि मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रं. ते कैदेत असतानाच एप्रिल 1943 मध्ये मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. दोघांची शेवटची भेट झाली नाही. शाळेच्या पुस्तकात किल्ला एका ओळीत संपतो. इथे उभं राहून सांगितलं तर तो लक्षात राहील.

शहराच्या नावाबद्दलही मुली विचारतील. सरळ सांगा. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई होळकरांचा जन्म 1725 चा, आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. नामांतरावर ज्याचं जे मत असेल ते असो, पण त्या नावामुळे आपण त्या बाईकडे पाठ फिरवू नये. नवरा, सासरा, मुलगा गेल्यावर तिने माळव्याचा कारभार जवळपास तीन दशकं हाती ठेवला. चांदबीबी आणि अहिल्याबाई यांना एकमेकींसमोर उभं करण्याचा धंदा काही लोक करतील. आपल्या मुलींना मात्र दोघी माहीत हव्यात. या जिल्ह्याच्या मातीत राज्य चालवणाऱ्या बायका दोन वेगवेगळ्या धर्मांत, दोन वेगवेगळ्या शतकांत झाल्या, यापेक्षा मोठी गोष्ट दहावीतल्या मुलीला दुसरी कुठली सांगाल? म्हणून एक दिवस शाह डोंगर आणि दुसऱ्या सुट्टीत चौंडी, अशी जोडी ठेवा. शेजारच्या मैत्रिणींनाही बोलवा, कुठल्याही आळीतल्या असोत.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या प्रश्नांच्या काळात तुम्ही सहलीचं काय घेऊन बसलात? शिक्षण आहे, रोजगार आहे, तलाकचे खटले आहेत. मान्य. पण ज्या मुलीला 75 किलोमीटरवरचा डोंगर 'जमणार नाही', तिला पुण्याचं कॉलेजही जमणार नाही असंच घर सांगतं. परवानगीची सवय छोट्या गोष्टींतून लागते. तशीच नकाराचीही. एकदा जाऊन सुखरूप परत आलेली मुलगी पुढच्या वेळी घरच्यांशी वेगळ्या आवाजात बोलते. आणि जिने आपलं सगळं आयुष्य कर्जतच्या दोन गल्ल्यांत काढलं, त्या अम्मीने एकदा तरी आपला जिल्हा वरून बघावा, यासाठी दुसरं कारण कशाला लागतं?

तेव्हा येत्या हिवाळ्यात ग्रुपवर 'चलते क्या' पडलं की उत्तर द्यायच्या आधी कागद घ्या. पहिली तीन नावं अशा बायकांची लिहा ज्या तिथे कधी गेल्या नाहीत. त्यांना तारीख विचारा. मग जीप ठरवा. पोरांच्या जागा शेवटी भरा. उरल्या नाहीत तर मोटारसायकली आहेतच.